आत्याची चूक

या कुटुंबात महत्त्वाचं असं काही कधी घरात बोललंच गेलं नाही. वरच्या दोन खोल्यांत सगळे एकमेकांच्या पायात पायात असत, आणि खाली सलूनमध्ये मात्र ऐसपैस जागा, तीन गुबगुबीत खुर्च्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आरसा. म्हणून दर सोमवारी दुकानाला सुट्टी असली की शटर अर्धं ओढून बैठक तिथेच भरे. सगळे खुर्च्यांवर बसत, तोंडं आरशाकडे, आणि एकमेकांशी आरशातूनच बोलत. नानांचा नियम होता, आरशात बघून बोललं ते भांडण, खुर्ची फिरवून बोललं ते खरं. भांडणं उदंड होत. खुर्ची फिरल्याच्या वेळा मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. एकदा नानांनी फिरवली होती, दुकान मुलगा आणि मुलगी दोघांनी मिळून चालवायचं हे सांगायला. एकदा त्यांच्या मुलाने, भाऊने, फिरवली होती, चष्म्याच्या दुकानातल्या मुलीशी लग्न करायचंय म्हणून.

ती मुलगी आता बारा वर्षं या घरची सून होती, तरी सगळे तिला अजून चष्मेवालीच म्हणत, तोंडावर आणि पाठीमागेही. तिला स्वतःला चष्मा नव्हता. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलून विचारायची, "आता नीट दिसतं, की आधी नीट दिसत होतं?" आणि लोक खरं बोलतायत की कंटाळून काहीही सांगतायत हे तिला बरोबर कळायचं. या सोमवारी ती मधल्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर एक मोठा पिवळा लिफाफा होता. शनिवारपासून तिने तो अकरा वेळा उघडला होता.

"वाच परत," नाना म्हणाले. नानांची खुर्ची दाराजवळची. पंचावन्न वर्षं त्यांनी गावाची डोकी भादरली होती आणि आता हात थरथरतो म्हणून ते फक्त बसून सूचना करत.

"नाना, चौथ्यांदा वाचतेय."

"मग पाचव्यांदा वाचायची वेळ येणार नाही असं वाच."

तिने वाचलं. मुलगी, वय आठ. मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी, म्हणजे ईईजी, जागेपणी आणि झोपेत. निष्कर्ष असामान्य. डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात तीक्ष्ण लहरी, झोपेत वाढतात. केसांवर लेप आढळल्याने काही तारांची नोंद अस्पष्ट. डोकं स्वच्छ धुवून तपासणी पुन्हा करावी.

"असामान्य," भाऊ म्हणाला. तो तिच्याच खुर्चीच्या हातावर टेकला होता आणि उगाचच एक कात्री उघडमीट करत होता. "हा शब्द लिहिताना यांना काही वाटत नाही का? एवढ्याशा पोरीला?"

"शब्दावर जाऊ नकोस," नाना म्हणाले. "तुझ्या लहानपणी मास्तरांनी तुला याहून वाईट शब्द लिहून दिले होते. आम्ही काय केलं? जेवलो आणि झोपलो."

एवढ्याशा पोरीला म्हणजे भिंगरीला. भिंगरी मागे केस धुवायच्या बेसिनजवळ बसली होती आणि तिच्यासमोर शिकाऊ मुलींना सराव करायला ठेवलेलं प्लास्टिकचं डोकं होतं. त्या डोक्याला तिने दुकानातले सगळे चिमटे लावले होते, प्रत्येक चिमट्याला लोकरीचा धागा, आणि सगळे धागे हेअर ड्रायरला बांधले होते. मोठ्या माणसांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवण्यात ती पटाईत होती.

"डोळे मीट," ती त्या डोक्याला सांगत होती. "आता उघड. आता मोठा श्वास घे. शाब्बास. हलू नकोस, नाहीतर रेघा बिघडतात."

चष्मेवालीने लिफाफ्यातला कागद बाहेर काढून आरशाखालच्या फळीवर पसरला. वीस-बावीस रेघा, एकाखाली एक, बारीक थरथरणाऱ्या. मध्येच काही रेघा एकदम वर उसळून खाली येत होत्या आणि त्यांच्याभोवती कुणीतरी पेनाने गोल केला होता. तीन आठवडे तिच्या छातीत जी धडधड होती ती या गोलात येऊन बसली होती. आपल्या पोरीच्या डोक्यात हे आहे, आणि ते तिच्याच डोक्यात राहणार की जाणार, एवढा एकच प्रश्न तिला होता. त्याचं उत्तर कागदावर कुठेही नव्हतं.

"मला तर हे सगळं सारखंच दिसतं," भाऊ म्हणाला.

"तुला केसांतला भोवरासुद्धा दाखवून द्यावा लागायचा," नाना म्हणाले.

तेवढ्यात शटरखालून आधी दोन उंच टाचा आणि मग वाकून उरलेली आत्या आत आली. आत्या म्हणजे भाऊची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून एकटी राहणारी, केस रंगवण्यात आणि बांधण्यात जिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. हे ती स्वतःच सांगे. तिचं आणि चष्मेवालीचं कधीच फारसं जमलं नाही. त्याचं मूळ लग्नाच्या दिवशीच रुजलं होतं. आत्याने तीन तास खपून नवरीची केशरचना केली आणि नवरीने जेवणाची पंगत बसायच्या आत ती सोडून टाकली, डोकं दुखतं म्हणून. चौसष्ट पिना निघाल्या होत्या. आत्याने त्या मोजल्या होत्या, आणि तो आकडा बारा वर्षांत कुणाला विसरू दिला नव्हता.

"उशीर झाला," आत्या म्हणाली आणि तिसऱ्या खुर्चीवर बसली. "काय ठरलं?"

"ठरतंय कुठे? अजून वाचनच चाललंय," नाना म्हणाले.

"वाचायचंय काय त्यात? सरळ आहे." आत्याने पर्स मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. "चूक माझी आहे."

कात्री थांबली. नाना पुढे झुकले. आत्याने यापूर्वी चूक कबूल केल्याचं कुणाच्याही ऐकिवात नव्हतं. मागे एकदा एका बाईचे केस तिच्या हातून भोपळ्याच्या रंगाचे झाले, तेव्हाही ती शांतपणे म्हणाली होती की पुढच्या वर्षी सगळ्या हाच रंग मागतील.

"केसांना तेल लावू नका असं त्यांनी लिहून दिलं होतं," आत्या म्हणाली. "तेल नाहीच लावलं मी. सीरम लावलं. सीरमबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं."

"सीरम?" चष्मेवाली म्हणाली.

"चमक येते त्याने. दोन थेंब. बरं, चार. तुम्ही पोरीला धुतलेल्या केसांनी तशीच घेऊन निघाला होतात, अगदी कुंचा! आपल्या घरातलं मूल असल्या अवतारात डॉक्टरांपुढे गेलं तर लोक काय म्हणतील? सलूनवाल्यांची नात आणि डोक्याला फणी नाही? म्हणून दारातच हात फिरवला मी. तुझं लक्ष नव्हतं, तू कागद शोधत होतीस."

भाऊ हळूहळू हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग तो फळीला धरून वाकलाच. "म्हणजे ती तपासणी करणारी बिचारी मुलगी! तारा चिकटवत होती आणि तारा घसरत होत्या! ती मला म्हणाली, 'हिच्या केसांना काय आहे हो?' मी म्हटलं, 'आनुवंशिक आहे, आमच्या घरात सगळ्यांचे केस असेच मऊ.'"

"गाढवा!" नाना म्हणाले, पण तेही हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "म्हणजे हे असामान्य बिसामान्य काही नाही. पोरीच्या डोक्यावर घसरगुंडी केली होती, म्हणून रेघा घसरल्या. संपलं! चहा टाका."

"तेच तर सांगतेय," आत्या म्हणाली. "माझ्यामुळे झालं. मीच चुकले. तिच्या डोक्यात काही नाही, माझ्या सीरममध्ये आहे. काय बोलायचं ते मला बोला."

"याच्या डोक्यातपण काही नाही," मागून भिंगरीने जाहीर केलं. तिने प्लास्टिकच्या डोक्याचा निकाल ड्रायरच्या खोक्यावर लिहून आणला होता. "मी दोनदा बघितलं. रिकामं आहे."

आता तर हसण्याला ऊतच आला. भाऊने लेकीला उचलून फळीवर बसवलं, नानांनी तिला बक्षीस म्हणून आपला जुना हस्तिदंती कंगवा दिला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या दुकानात माणसं राहतात असं वाटायला लागलं. आत्या कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा ठेवायला उठली.

चष्मेवालीलाही हसायचं होतं. खरं तर तिला त्या सीरमच्या बाटलीची पापी घ्यावीशी वाटली होती. चार थेंब! एवढंच असतं तर तिने बाटलीभर सीरम स्वतः पोरीच्या डोक्यावर ओतलं असतं आणि नणंदेच्या चौसष्ट पिना जन्मभर ऐकून घेतल्या असत्या. पण ती आरशात आत्याकडे बघत होती. आत्याने चहात साखर घातली. थोड्या वेळाने परत घातली. आणि पाठमोरी उभी राहून पुन्हा म्हणाली, "माझीच चूक. सगळी माझी."

रोजच्या कामामुळे म्हणा किंवा आईपणामुळे म्हणा, चष्मेवालीला ते खरं वाटेना. ज्या बाईने भोपळ्याच्या रंगाचे केस कबूल केले नाहीत ती चार थेंबांसाठी पाच मिनिटांत पाच वेळा नाक घासते?

"ताई," ती म्हणाली, "सीरम तुम्ही गेल्या गुरुवारी लावलंत."

"हो. सांगितलं ना."

"मी जे बघितलं ते त्याच्या दोन आठवडे आधी बघितलं. तेव्हा ते कशामुळे झालं?"

नानांनी भिंगरीला बाहेर पायरीवर बसायला पाठवायचा प्रयत्न केला. भिंगरी जागची हलली नाही.

तीन आठवड्यांपूर्वी त्या सकाळी चष्मेवाली एकटीच खोलीत होती. उजाडायच्या सुमारास लेकीच्या घशातून घरघर आली म्हणून ती वळली. भिंगरीचे डोळे उघडे होते, तोंडाचा उजवा कोपरा धाग्याने ओढल्यासारखा उडत होता, लाळ उशीवर उतरत होती. ती आईकडे बघत होती, तिला ओळखत होती, आणि तिला बोलता येत नव्हतं. मिनिटभर, फार तर दीड. भाऊ खाली दुकानात पाणी तापवत होता. तो धावत वर येईपर्यंत भिंगरी उठून बसली होती आणि तिला शाळेत न्यायच्या चित्रकलेच्या वहीची काळजी पडली होती.

"हे बघ," भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला, "मी तुझं खोटं आहे असं म्हणत नाही. पण पहाट होती, तूही अर्धवट झोपेत होतीस. मुलं झोपेत दात खातात, बरळतात, लाळ गाळतात. मी स्वतः अजून गाळतो. तुला घाबरल्यामुळे थोडं जास्त…"

"जास्त दिसलं?"

"तसं नाही."

"तसंच. तीन आठवडे तू तेच म्हणतोयस, फक्त दर वेळी वेगळ्या शब्दांत." तिचा आवाज चढला आणि तिला त्याची लाज वाटली नाही. "माझ्या हातात माझी पोर होती. मला दिसलं ते मला दिसलं. आणि आता तुम्हाला सगळ्यांना सीरम सापडलंय, म्हणजे मशीनचंही चुकलं आणि माझंही चुकलं. सगळे खूश!"

"सूनबाई, तसं कुणी म्हणत नाही," नाना म्हणाले, पण त्यांनीही आरशातून नजर काढून घेतली.

चहा उतू गेला. आत्याने शेगडी बंद केली, पण कपात ओतला नाही. ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली. मग तिने पाय जमिनीला लावला आणि खुर्ची फिरवली.

त्या खुर्चीला तेल घालायचं राहिलं होतं. तिचा कर्कश आवाज झाला आणि नानांचं तोंड उघडंच राहिलं. आत्या आता आरशाकडे पाठ करून, समोरासमोर, चष्मेवालीकडे बघत होती.

"वहिनीला नीट दिसलं होतं," ती म्हणाली. "मलाही दिसलंय."

"काय?" भाऊ म्हणाला.

"तू थांब, भाऊ. मी तिच्याशी बोलतेय." आत्याने दोन्ही हात मांडीखाली घातले, लहान मुलं घालतात तसे. "चार महिन्यांपूर्वी तुम्ही दोघं परगावी गेला होतात आणि ही माझ्याकडे झोपायला होती. माझ्याकडे साटीनचे अभ्रे आहेत, केस तुटू नयेत म्हणून. पहाटे बघते तर हिची लाळ अभ्र्यावर. मी हिला हलवलं तर ही तोंड वाकडं करून माझ्याकडे बघतेय आणि नुसतं ऑ ऑ करतेय. मला वाटलं, सोंग करतेय. हिला सोंगं कमी येतात का? मी…" ती भिंगरीकडे बघायला लागली. "मी रागावले गं तिच्यावर. नकला पुरे म्हटलं. अभ्रा ओढून घेतला तिच्या डोक्याखालून. थोड्या वेळाने ती नीट बोलायला लागली, मला सॉरी म्हणाली, आणि मी म्हटलं, परत असं करायचं नाही."

नानांनी कपाळाला हात लावला.

"तू मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलंस तेव्हाच मला कळलं," आत्या म्हणाली. "पण तोंड उघडेना. कसं सांगू? की पोरीला झटका येत होता आणि आत्या तिला अभ्र्यासाठी रागवत होती? मग ते केसांवरच्या लेपाचं कागदावर आलं. मला वाटलं, देव पावला. ही चूक मोठ्यांदा कबूल केली तर ती दुसरी झाकली जाईल. आणि खरंच सीरमच निघालं तर झाकायचंही कारण नाही."

चष्मेवाली उठून उभी राहिली होती. कधी उठली ते तिला कळलं नाही. "चार महिने," ती म्हणाली. "ताई, चार महिने आधी आम्हाला कळलं असतं. तुम्ही नुसतं एका वाक्यात बोलला असतात. आज सकाळी पोरीने तोंड वेडंवाकडं केलं, एवढंच."

"हो."

"आणि हे तीन आठवडे! सगळे मला वेड्यात काढत होते आणि तुम्ही ऐकत होतात."

"हो. त्याला माफी नाही, वहिनी. मागतही नाही."

"मला बोलायचं होतं, आई," फळीवरून भिंगरी म्हणाली. नानांचा कंगवा तिने दोन्ही हातांत धरला होता. "आत्याकडे पण आणि आपल्याकडे पण. पण जीभच झोपली होती. मी आतून बोलत होते आणि बाहेर येत नव्हतं. आत्या चिडली ना, म्हणून मला वाटलं ते वाईट असतं. म्हणून नाही सांगितलं."

आत्या रडायला लागली. आवाज न करता, सगळा रंग गालांवरून वाहू देत. या घरात तिला असं कुणी कधी बघितलं नव्हतं. चष्मेवालीला तिचा भयंकर राग आला होता, तो खरा होता आणि पुढेही कितीतरी दिवस राहणार होता. पण त्या रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते काय आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. ती सुटका होती. आपलं डोकं ठिकाणावर आहे. आपण पाहिलं ते आहे.

ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंस?"

"ऐकलं," भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "चुकलो."

"आरशात बघून नको."

भाऊ खुर्चीवर बसलाच नव्हता, नुसता हातावर टेकला होता. तरी तो बायकोच्या रिकाम्या खुर्चीत बसला, ती फिरवली, आणि परत म्हणाला, "चुकलो. यापुढे तू सांगशील ते डोळे मिटून खरं."

"डोळे उघडे ठेवून," ती म्हणाली.

"एका दिवसात दोन खुर्च्या," नाना पुटपुटले. "तिसरीपण फिरवतो. मला काही कबूल करायचं नाही, पण तुम्ही सगळे तिकडे तोंड करून बसल्यावर मी एकटा काय इकडे स्वतःचं थोबाड बघत बसू?" आणि त्यांनीही खुर्ची फिरवली.

मग चष्मेवालीने व्यवहाराचं बोलून घेतलं, कारण ते कुणीतरी बोलायला हवं होतं. तपासणी गुरुवारी पुन्हा होईल. डॉक्टरीणबाईंना दोन्ही वेळचं सांगायचं, तारीखवार. आणि डोकं धुवायचं ते ताई धुतील, कारण डोकं कसं धुवावं हे या घरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

"मी?" आत्या म्हणाली.

"तुम्ही. तीनदा धुवा. आणि नंतर हात मागे बांधून उभ्या राहा."

गुरुवारी आत्या खरोखरच हात मागे बांधून उभी राहिली. भिंगरीचे केस कुंच्यासारखे चहूकडे उभे होते आणि दवाखान्यात दोन बायकांनी वळून पाहिलं, तरी तिने हूं की चूं केलं नाही. पोरीला झोप यावी म्हणून तिला पहाटे चारला उठवलं होतं, आणि तिला जागं ठेवण्यासाठी सगळं घर उठलं होतं. परिणाम असा झाला की तारा लावून झाल्यावर भिंगरी टक्क जागी आणि बाहेरच्या बाकावर नाना आणि भाऊ एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते. तपासणी करणाऱ्या मुलीने दार लावून घेतलं, कारण त्या घोरण्याने पोरीला हसू येत होतं. शेवटी अर्ध्या तासाने भिंगरीही झोपली.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. पडद्यावर त्याच रेघा होत्या. आता कुठे काही घसरत नव्हतं. एकेक रेघ स्वच्छ, आणि डाव्या बाजूला, कानाच्या वर, त्याच उसळ्या.

"आधीसारखंच आहे," बाई म्हणाल्या. "उलट जास्त स्पष्ट."

चष्मेवालीने लेकीचा हात घट्ट धरला. तिला हे माहीत होतं. तरी कुठेतरी खोलवर तिने चार थेंबांची आशा जपून ठेवली होती, ती आता गेली.

"एकदा नीट बघा ना, डॉक्टर," आत्या म्हणाली. "धुताना साबण राहिला असेल. माझा हात तसा घाईचाच आहे. खूपदा राहतं माझ्याकडून, विचारा कुणालाही."

नाना चपापून लेकीकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाई हसल्या. "इतकं स्वच्छ डोकं माझ्याकडे आजवर आलेलं नाही. तुमची काही चूक नाही. बसा."

आत्या बसली, आणि तिच्या निर्दोष सुटण्याचं सगळ्यांनाच फार वाईट वाटलं.

मग बाईंनी सावकाश सांगितलं. हा मुलांमध्ये नेहमी दिसणारा प्रकार आहे. पहाटे, झोप आणि जाग यांच्या मध्ये. तोंडाचा एक कोपरा, लाळ, बोलता न येणं. मेंदूत गाठ नाही, जखम नाही, अभ्यासाला धक्का नाही. बहुतेक मुलांचं वयात येईपर्यंत आपोआप थांबतं. इतके कमी झटके असताना रोजचं औषध लगेच सुरू करायची गरज नाही, वाढले तर बघू.

"थांबतं?" चष्मेवालीने विचारलं. "म्हणजे जातं?"

"बहुतेकांचं जातं. एकदाच झालं असतं आणि एकानेच पाहिलं असतं तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते. पण दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगवेगळ्या घरांत, अगदी तेच पाहिलंय. आणि हा आलेखही तेच सांगतोय."

जातं. चष्मेवालीने तो शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितला. भाऊने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती दोघं उगाचच पडद्याकडे बघत राहिली, जणू त्या रेघा आता त्यांना वाचता येणार होत्या.

"म्हणजे माझ्या डोक्यात वीज आहे?" भिंगरीने विचारलं.

"सगळ्यांच्याच असते. तुझी कधीकधी तुझ्याआधी उठते, एवढंच." बाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. झटका आला तर कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, जवळ बसायचं. पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट दवाखाना. "बाकी सगळं नेहमीसारखं. शाळा, खेळ, पाहुणे. पोहायला जाईल तेव्हा मात्र सोबत मोठं माणूस हवं. दुसरीकडे झोपायला गेली तरी हरकत नाही, फक्त तिथल्या माणसाला हे माहीत हवं."

"मग मी शनिवारी आत्याकडे जाऊ?" भिंगरी म्हणाली.

आत्याने एकदम मान हलवली. "नको गं राणी. आता नाही. तू तुझ्या आईजवळच झोप. वहिनी, मी मनाशी ठरवूनच टाकलंय, माझ्याकडे हिला परत ठेवायचं नाही. माझ्यावर भरवसा ठेवायला मीच तयार नाही."

भाऊ लगबगीने म्हणाला, "तिला आईवडिलांकडेच राहू दे. आम्ही आहोत ना!"

चष्मेवालीचा राग अजून होताच. त्याच्या शेजारी तिने लेकीचा चेहरा पाहिला, आणि नणंदेचा. चार महिन्यांपूर्वीची पहाट ज्या डोळ्यांत अजून तशीच होती, असे ते डोळे होते.

"शनिवारी जा," ती म्हणाली.

"मला जमेल का?" आत्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"यांना विचारून काय उपयोग?" चष्मेवालीने छापील कागदाची घडी केली आणि नणंदेच्या हातात दिली. "यांनी कुठे पाहिलंय? पाहिलंय ते आपण दोघींनीच."